ओगलेवाडीची विझलेली भट्टी

पुणे सोडून दक्षिणेस निघालेला मिरजेचा लोहमार्ग नीरा नदी ओलांडतो आणि आमच्या खंडाळा तालुक्यातील लोणंदच्या शिवारातून सातारा जिल्ह्यात शिरतो. त्या मार्गाच्या कडेने गेल्या शतकाच्या पहिल्या पंचविशीत महाराष्ट्राच्या औद्योगिक पुरुषार्थाचा जो अध्याय लिहिला गेला, त्याची पाने आज फारसे कोणी चाळीत नाही. १९१० साली कुंडलच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपला नांगरांचा कारखाना वसविला. १९१६ साली कराडजवळ ओगले बंधूंनी काचेची भट्टी पेटविली. १९२२ साली पाडळीजवळच्या सातारारोड येथे धनजीशा कूपर यांनी आपल्या यंत्रशाळेचा पाया घातला. बारा वर्षांच्या अवधीत, एकाच लोहमार्गावर, एकाच मुलखात, निवडुंग आणि गवताखेरीज ज्यांवर काही उगवत नव्हते अशा ओसाड माळांवर तीन कारखाने उभे राहिले. आणि त्यांतून निघालेल्या लोखंडी नांगराने रयतेची जमीन नांगरली गेली, कंदिलाने तिचे घर उजळले आणि तेलावर चालणाऱ्या इंजिनाने तिच्या विहिरीचे पाणी उपसले गेले.

या तिघांपैकी किर्लोस्करवाडीची चक्रे आजही फिरत आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. ओगलेवाडीची भट्टी मात्र विझली, तिला आता कित्येक दशके लोटली. गावाचे नाव तेवढे राहिले. कराडचे रेल्वे स्थानक याच ओगलेवाडीत असल्यामुळे तेथे उतरणाऱ्या प्रवाशाच्या कानावर ते नाव पडते. परंतु ते एखाद्या जुन्या जहागीरदाराचे असावे असे समजून तो पुढे निघून जातो. एका कारखान्याने ज्या गावाला जन्म दिला, त्या गावास आपल्या जन्मदात्याची ओळख हळूहळू पुसट व्हावी, आणि त्याच्या मृत्यूचा रीतसर शोकही कोणी करू नये, हे कृतज्ञ समाजाचे लक्षण नव्हे. तो राहिलेला शोक करावा, आणि त्याबरोबर काही प्रश्नही विचारावेत, यासाठी हा लेख लिहीत आहे.

ओगलेवाडीचा उगम समजून घ्यायचा तर स्वदेशीच्या काळाकडे जावे लागते. वंगभंगानंतर विलायती मालावर बहिष्कार पुकारणे सोपे होते; परंतु बहिष्कृत वस्तूच्या जागी ठेवायची स्वदेशी वस्तू आणायची कोठून, हा प्रश्न विचारी माणसांना तेव्हाच भेडसावू लागला होता. अंताजी दामोदर काळे यांनी दर माणशी एक पैसा गोळा करून देशी उद्योगांस भांडवल पुरविण्याची कल्पना मांडली, लोकमान्य टिळकांनी तिला आपले बळ दिले, आणि त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना सुरू झाला. बाजारपेठेत माल विकून नफा मिळविणे एवढाच त्या कारखान्याचा हेतू नव्हता. काच ओतण्याची आणि फुंकण्याची विद्या शिकविणारी ती एक पाठशाळाही होती, आणि तेथे तयार झालेले तरुण पुढे देशभर पसरले. ज्या काळात आपल्या घरातील चिमणीची साधी काचसुद्धा बेल्जम, ऑस्ट्रिया किंवा जपानहून येत असे, त्या काळात आपल्या मुलखातील वाळू वितळवून तिला आकार देण्याची आकांक्षा धरणे, हे एखादी राजकीय परिषद गाजविण्याइतकेच मोठे राष्ट्रकार्य होते.

याच प्रवाहातून ओगले बंधू पुढे आले. त्यांना जागा मिळाली ती औंध संस्थानच्या मुलखात. किर्लोस्करांना आश्रय देणारे श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे त्या संस्थानचे अधिपती. चित्रकला, व्यायाम आणि सूर्यनमस्कार यांच्यासाठी हा राजा प्रसिद्ध असला, तरी आपल्या चिमुकल्या संस्थानात उद्योगाची रोपे लावणारा माळी म्हणूनही इतिहासाने त्याची नोंद ठेविली पाहिजे. ज्यांच्या खजिन्यात लक्षावधी रुपये होते अशा मोठमोठ्या संस्थानिकांनी शिकारखाने आणि मोटारी यांवर दौलत उधळली, त्याच काळात हा लहानसा राजा उद्यमशील तरुणांना माळ देत होता आणि पाठीशी उभा राहत होता. ओगल्यांच्या भट्टीला काळही एका परीने अनुकूल लाभला. १९१४ साली सुरू झालेल्या महायुद्धामुळे जर्मनी आणि ऑस्ट्रियाहून येणारा काचेचा माल बंद पडला, आणि हिंदुस्थानातील काचकारखान्यांना श्वास घेण्यास थोडी उसंत मिळाली. या उसंतीचा उपयोग ओगले बंधूंनी केवळ तात्पुरत्या नफ्यासाठी केला असता, तर युद्धानंतर परदेशी मालाची लाट परत येताच त्यांचा कारखाना इतर अनेक कारखान्यांप्रमाणे वाहून गेला असता. त्यांनी काचेला जोड दिली ती पत्र्याच्या कामाची, आणि या दोहोंच्या संयोगातून जो कंदील निर्माण केला त्याला आपल्या वडिलांचे नाव दिले. ‘प्रभाकर’ हे नाव पुढे महाराष्ट्रात इतके रुळले, की शेतकऱ्याच्या तोंडी ते कंदिलाचेच नाव होऊन बसले.

कंदील ही वस्तू दिसावयास किती साधी! खाली तेलाची टाकी, तिच्यावर वातीची खोबण आणि वात वरखाली करण्याची चावी, भोवती फुगीर काच, दोन्ही बाजूंनी वर गेलेल्या पत्र्याच्या नळ्या, आणि सर्वांत वर हातात धरावयाची दांडी. परंतु जो कारागीर ती घडवितो त्याला या साधेपणाची किंमत ठाऊक असते. कंदिलाची काच आतून ज्योतीने तापलेली असते आणि बाहेरून तिच्यावर मृगाच्या सरीचा थेंब पडतो; त्या क्षणी ती तडकली नाही पाहिजे. त्यासाठी वाळू, सोडा आणि चुना यांचे प्रमाण अचूक असावे लागते, चौदाशे-पंधराशे अंशांच्या उष्णतेत ते मिश्रण पूर्ण विरघळून त्यातील बुडबुडे निघून जावे लागतात, फुंकनळीच्या टोकावर उचललेला तप्त गोळा फिरवीत फिरवीत साच्यात फुंकताना सर्वत्र सारखी जाडी राखावी लागते, आणि तयार झालेली काच एकदम उघड्या हवेत न ठेवता तासन् तास हळूहळू निववावी लागते. घाईने निवलेली काच वरून निर्दोष दिसते आणि आतून ताणलेली राहते. ती दुकानात टिकते, गिऱ्हाइकाच्या घरी फुटते. म्हणजे ज्या दोषाचा पत्ता विक्रीच्या दिवशी लागणे अशक्य, तो दोष राहू नये म्हणून कारखान्याने वेळ आणि इंधन खर्च करावयाचे असते. उद्योगातील सचोटी ती हीच.

पत्र्याचे कामही कमी कौशल्याचे नव्हे. वाऱ्यावादळात ज्योत विझू नये म्हणून तिला लागणारी हवा या बाजूच्या नळ्यांतून वरून खाली आणून नियमित प्रमाणात पोचवावयाची असते. नळीचा एक सांधा किंचित सैल राहिला, वातीच्या टोपीची चीर केसभर रुंद झाली, तर ज्योत फडफडते आणि काच काजळते. टाकीला झाळ देताना एक सूक्ष्म छिद्र राहिले, तर रात्रभर थेंबथेंब रॉकेल गळून सकाळी धान्याच्या पोत्याला वास येतो. ज्याच्या हाती हा कंदील जाणार, तो गरीब आहे. तो तक्रार घेऊन कचेरीत येणार नाही, दाद मागणार नाही, केवळ आपल्या नशिबाला दोष देऊन गप्प बसेल. अशा मुक्या गिऱ्हाइकासाठी निर्दोष वस्तू बनविणे हे ज्या कारखान्याचे व्रत होते, त्याच्याविषयी मनात आदर बाळगणे हे आपले कर्तव्य आहे.

आणि त्या कंदिलाने आमच्या मुलखाची किती कामे केली! नीरेच्या उजव्या कालव्याचे पाणी पाटाने शेतात येई, त्याची पाळी बहुधा रात्रीची असे. तेव्हा बांधावर ठेवलेल्या कंदिलाच्या उजेडात शेतकरी दारे मोडीत असे. लोणंदच्या बाजाराला निघालेल्या बैलगाडीच्या आसाखाली तो हेलकावत असे. गुऱ्हाळाच्या चुलवाणाशी, खळ्यावर, बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी, पंढरीच्या वाटेवरील दिंडीच्या मुक्कामी तोच एक सोबती होता. खंबाटकीचा घाट रात्री उतरणाऱ्या गाडीवानाला समोरून येणाऱ्या कंदिलाच्या ठिपक्यावरून दुसऱ्या गाडीची चाहूल लागे. दिवस मावळू लागला की घरची मुलगी चुलीतील राख घेऊन काच पुसावयास बसे, आणि काच किती स्वच्छ झाली यावर त्या घराच्या नीटनेटकेपणाची परीक्षा होई. या मुलखातील पहिल्या पिढीचे मामलेदार, शिक्षक, डॉक्टर आणि वकील जे झाले, ते याच उजेडात मुळाक्षरे गिरवून झाले.

शिक्षणाशी ओगलेवाडीचे नाते याहूनही जवळचे आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी आपल्या तारुण्यात ओगले, किर्लोस्कर आणि कूपर या तिन्ही कारखान्यांच्या मालाचे विक्रेते म्हणून काम केले होते. काचसामान आणि नांगर विकण्यासाठी गावोगाव हिंडणाऱ्या या तरुणाने रयतेची दैन्यावस्था आपल्या डोळ्यांनी पाहिली, आणि १९१९ साली कराड तालुक्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. कमवा आणि शिका हे सूत्र ज्या संस्थेने महाराष्ट्राला दिले, तिच्या संस्थापकाची उमेदवारी कारखान्यांच्या दारी झाली, हा निव्वळ योगायोग मी मानीत नाही. हाताने काम करणारा माणूस हलका आणि लेखणी चालविणारा श्रेष्ठ, हा आपल्या समाजाच्या हाडीमासी खिळलेला समज त्या माळांवर प्रथम मोडला गेला; तेथे शिकलेला मनुष्य हातोडा धरीत होता आणि हातोडा धरणारा मनुष्य हिशेब शिकत होता. कर्मवीरांनी वसतिगृहातील मुलांच्या हाती कुदळ आणि पुस्तक एकाच वेळी दिले, त्याची पूर्वपीठिका या कारखान्यांत शोधली पाहिजे.

या कारखान्यांना परकीय सरकारने कसे वागविले, तेही नमूद करणे प्राप्त आहे. काचेच्या धंद्याला परदेशी मालापासून जकातीचे संरक्षण मिळावे, या मागणीची चौकशी १९३१ साली टॅरिफ बोर्डाकडे सोपविण्यात आली. बोर्डाने साक्षीपुरावे घेऊन १९३२ साली संरक्षण द्यावे अशी शिफारस केली. आणि ती शिफारस तीन वर्षे दप्तरात पडून राहिल्यावर १९३५ साली सरकारने नामंजूर केली. कारण काय, तर काचेला लागणारा सोडा या देशात तयार होत नाही, म्हणून हा धंदा खऱ्या अर्थाने देशी नव्हे! वाळू येथली, चुना येथला, इंधन येथले, मजूर येथले, गिऱ्हाईक येथले. एका द्रव्यासाठी साऱ्या धंद्याला परका ठरविणारा तो न्याय होता. अशा हुकुमाच्या छायेतही ओगलेवाडीची भट्टी जळत राहिली, यावरून तिच्या चालकांच्या चिकाटीची आणि कामगारांच्या कसबाची कल्पना येते. त्या कामगारांचे जीवन सुखाचे होते असे कोणी समजू नये. भट्टीच्या तोंडाशी उभे राहून दिवसभर फुंकनळी फुंकणे हे रक्ताचे पाणी करणारे काम आहे. आणि ज्यांनी ते केले, त्यांची नावे कोणत्याही शिलालेखावर कोरलेली नाहीत.

मग भट्टी विझली का? या प्रश्नाचे एक उत्तर सर्वांना ठाऊक आहे, आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. ज्या कराडात कृष्णा आणि कोयना यांचा संगम होतो, त्याच कोयनेच्या वरच्या खोऱ्यात धरण झाले, तिचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेस वळविण्यात आले, आणि १९६२ साली पोफळीच्या जनित्रांतून वीज वाहू लागली. त्या विजेने आणि तिच्या मागोमाग आलेल्या इतर केंद्रांच्या विजेने पुढील दोन-तीन दशकांत खेडोपाडी खांब रोवले. ज्या घरात बटण दाबताच दिवा लागतो, त्या घराने राखेने काच का घासावी? विजेचे आगमन हे लोककल्याणाचे महत्कार्य होते. धुराने चुरचुरणारे डोळे, रॉकेलसाठी रेशनच्या दुकानापुढील रांग आणि कंदील कलंडून पेटलेली झोपडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांच्यापैकी कोणीही जुन्या अंधाराची इच्छा धरणार नाही. माझा शोक अंधारासाठी नाही. तो एका विद्येसाठी आणि ती विद्या धारण करणाऱ्या संस्थेसाठी आहे.

आणि म्हणूनच ‘वीज आली, कंदील गेला’ एवढ्यावर हा खटला निकालात काढणे मला मान्य नाही. जर्मनीत घरोघर वीज आपल्या कितीतरी आधी पोचली. तरीसुद्धा फ्यूअरहँड हा तेथील जुना वादळी कंदील आजही जर्मनीतच तयार होतो आणि जगभर विकला जातो. तेथील कारखानदारांनी आपले गिऱ्हाईक बदललेले पाहिले आणि वस्तूचा दर्जा न उतरविता तिला नवी जागा शोधून दिली. आपल्याकडे काय झाले? या शतकाच्या पहिल्या दशकात महाराष्ट्रात भारनियमनाने कहर केला, खेड्यांत दिवसाचे कित्येक तास वीज नसे, आणि त्या अंधारात घरोघर आले ते चीनमध्ये बनलेले, दोन वर्षांत फेकून द्यावे लागणारे बॅटरीचे दिवे. आजही शेतीपंपाला वीज मिळते ती पाळीपाळीने, पुष्कळदा मध्यरात्री. आणि पिकाला पाणी पाजण्यासाठी विंचूकाट्यात निघालेल्या शेतकऱ्याला हाती धरण्यासाठी भरवशाचा दिवा लागतोच. गरज संपली, हे म्हणणे अर्धसत्य आहे. गरजेने रूप बदलले, आणि त्या बदलत्या रूपाशी हात मिळविण्याचे सामर्थ्य जुन्या कारखान्याला कोणी पुरविले नाही.

या जिल्ह्यात तसे सामर्थ्य नव्हते असेही नाही. लोणंदहून जवळच असलेल्या फलटण येथे निंबकर कृषी संशोधन संस्था आहे, तेथे डॉ. अनिल राजवंशी यांनी नेहमीच्या कंदिलाच्या कित्येक पट उजेड देणारा ‘नूरी’ नावाचा सुधारलेला कंदील संशोधनाने सिद्ध केला. कराडच्या पट्ट्यात काच आणि पत्रा यांची पिढ्यान् पिढ्यांची हातोटी, आणि फलटणला ज्योतीचे शास्त्र जाणणारी प्रयोगशाळा. दोन्ही एकाच जिल्ह्यात. कारखान्याची हातोटी आणि प्रयोगशाळेचे ज्ञान यांची गाठ घालून देणे हे ज्या शासनाचे आणि ज्या भांडवलाचे काम, त्यांना ते सुचले नाही. ही एकट्या ओगलेवाडीची कहाणी नव्हे. आपल्या उद्योगविषयक धोरणाची ती जुनी व्याधी आहे.

गरज शिल्लक असतानाही कारखाने कसे मरतात, याचा दाखला अमेरिकेतून घेता येईल. न्यूयॉर्क राज्यात १९०४ साली श्रेड बंधूंनी खिशातील घडीच्या चाकूंचा कारखाना काढला. पुढे तो त्याच राज्यातील एलेनव्हिल या लहानशा गावी स्थिरावला, आणि ते गाव त्याच्या जिवावर जगू लागले. त्याच्या ‘ओल्ड टाइमर’ आणि ‘अंकल हेन्री’ या चाकूंनी अमेरिकन शेतकऱ्यांच्या आणि शिकाऱ्यांच्या दोन-तीन पिढ्यांच्या खिशात जागा मिळविली होती. ‘अंकल हेन्री’ हे नाव तर कारखान्याचे चालक हेन्री बेअर यांचे, जसे आमच्या कंदिलाला ओगल्यांच्या वडिलांचे. शंभर वर्षे पूर्ण होत असतानाच, २००४ च्या जुलैमध्ये, तो कारखाना एकाएकी बंद झाला. त्याच राज्यातील कॅमिलस गावचा चाकूंचा कारखाना त्याहूनही जुना. आपला वारसा तो १८७६ पर्यंत मागे नेत असे आणि दुसऱ्या महायुद्धात त्याने अमेरिकन सैन्याला लक्षावधी चाकू पुरविले होते. तोही २००७ साली दिवाळखोरीत निघाला. चाकूची जागा कोणत्याही विजेने घेतलेली नव्हती. दोरी कापावयाची, फांदी छाटावयाची, सफरचंद चिरावयाचे, ही कामे कालच्यासारखीच उरली होती. स्वस्त परदेशी मालापुढे जुन्या कारखान्यांचा टिकाव लागला नाही, आणि मग एक विलक्षण गोष्ट घडली. दोन्ही कारखान्यांची नावे लिलावात विकली गेली, आणि त्याच नावांचे चाकू आता परदेशांत तयार होऊन अमेरिकेच्या दुकानांत येतात. हात गेले, नाव राहिले. आपल्याकडे कंदील पाठविणाऱ्या डीट्झ या अमेरिकन कंपनीचेही तेच झाले. १८४० साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला तो धंदा हाँगकाँगमार्गे चीनमध्ये गेला.

नाव विकत घेता येते, यंत्रे भंगाराच्या भावाने विकता येतात, जागेचा फेरफार तलाठ्याच्या दप्तरात एका दिवसात नोंदविता येतो. परंतु भट्टीचा रंग पाहून ‘आता गोळा उचल’ असे सांगणाऱ्या कारागिराची नजर कोणत्याही खात्यावर वर्ग करता येत नाही. ती नजर त्याला त्याच्या वडील कारागिराने दिलेली असते, त्याने ती पुढच्या उमेदवाराला द्यावयाची असते, आणि हे देणेघेणे चालावे म्हणून एक छप्पर, एक भट्टी आणि रोज एकत्र येणारी माणसे लागतात. ते छप्पर गेले की ज्ञानाची परंपरा एका पिढीत तुटते. पुस्तके वाचून ती पुन्हा जोडता येत नाही. पुन्हा शून्यापासून, पुन्हा फुटलेल्या हजारो काचांच्या खर्चाने, तिचा आरंभ करावा लागतो. ओगले बंधूंनी आणि त्यांच्या कामगारांनी तो खर्च एकदा भरला होता. ती ठेव आपण राखू शकलो नाही.

कारखाना बंद पडला की आपल्याकडे त्याचा विचार होतो तो कर्ज, जप्ती, कामगारांची थकबाकी आणि जमिनीचा भाव या चार कलमांत. ही कलमे महत्त्वाची आहेत, कामगाराच्या घरची चूल त्यांवर अवलंबून असते. परंतु पाचवे एक कलम कोणत्याही तजविजीत नसते, आणि ते म्हणजे त्या कारखान्यात साठलेल्या विद्येचे काय करावे, हे. शेतजमीन धरणात गेली तर पुनर्वसनाचा कायदा आहे. जुने मंदिर ढासळू लागले तर पुरातत्त्व खाते आहे. परंतु दोन-तीन पिढ्यांच्या हातांनी घडविलेली कारागिरी नष्ट होऊ लागली, तर तिची दखल घेणारे खाते नाही. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयात केळकरांनी अडकित्ते, दिवे, कुलुपे आणि दौती यांसारख्या नित्याच्या वस्तू एकट्याच्या ध्यासाने जमविल्या नसत्या, तर आपल्या आजोबा-पणजोबांच्या हाताची करामत आपल्याला कळलीच नसती. ते काम एका व्यक्तीने केले. कारखान्यांच्या युगातील वस्तूंसाठी ते संस्थांनी केले पाहिजे.

कारखान्यातील विद्येचा हा प्रश्न खंडाळ्याने विचारावा, याला कारण आहे. पूर्वी उद्योग लोहमार्गाच्या कडेने वसले. आता ते महामार्गाच्या कडेने वसत आहेत. शिरवळ, केसुर्डी आणि खंडाळा या पट्ट्यात, जेथे बाजरी आणि ज्वारीची शेते होती, तेथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या आहेत. नामांकित कंपन्यांचे रंग आणि घरगुती उपकरणे तेथे तयार होतात, आणि आमच्या तालुक्यातील तरुणांना तेथे रोजगार मिळतो. या उद्योगांचे मी मनापासून स्वागत करतो. परंतु त्या तरुणांपैकी किती जणांच्या हाती खरोखरीचे कसब येते, आणि किती जण कंत्राटाची मुदत संपताच रिकाम्या हातांनी परततात, याचा हिशेब पालकांनी, ग्रामपंचायतींनी आणि लोकप्रतिनिधींनी मागितला पाहिजे. ज्या नायगावात सावित्रीबाई फुले यांचा जन्म झाला, ते याच तालुक्यातले. विद्या ही सर्वांच्या हाती गेली पाहिजे, हा त्या गावाचा वारसा आहे, आणि यंत्रावरील विद्या त्याला अपवाद नाही. त्याच महामार्गाच्या कडेला पाल ठोकून भाता चालविणारे घिसाडी आजही दिसतात; विळा, खुरपे आणि कोयता यांना हवे तसे पाणी देण्याची त्यांची हातोटी अजून जिवंत आहे. ओगलेवाडीसाठी उशीर झाला म्हणून हळहळणाऱ्या समाजाने या जिवंत कारागिरांकडे पाठ फिरवावी, हे शोभणारे नाही.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. ओगलेवाडी, सातारारोड आणि किर्लोस्करवाडी या तिन्ही ठिकाणी ज्यांनी काम केले आणि जे आज हयात आहेत, त्यांच्या आठवणी, त्यांच्या कामाच्या पद्धती, त्यांची हत्यारे आणि साचे यांची पद्धतशीर नोंद व्हावी. शिवाजी विद्यापीठाने आणि ज्या कर्मवीरांनी या कारखान्यांचा माल खांद्यावर वाहिला त्यांच्या रयत शिक्षण संस्थेने हे काम शिरावर घ्यावे, त्यांच्याहून अधिक अधिकार कोणाचा नाही. सातारा आणि सांगली हे १९४९ पर्यंत एकच जिल्हा होते. या दोन्ही जिल्ह्यांच्या जिल्हा परिषदांनी मिळून त्या वस्तूंचे एक संग्रहालय उभारावे, आणि शाळेतल्या मुलाला तेथे कंदील हातात घेऊन त्याची वात वर करता यावी. नव्या औद्योगिक वसाहतींना जमीन देताना स्थानिक उमेदवारांना खऱ्या कौशल्याचे शिक्षण देण्याची अट सनदेत असावी आणि ती पाळली जाते की नाही याची तपासणी व्हावी. आणि ज्या वाचकाच्या घरच्या माळ्यावर, अडगळीत, गंजलेला प्रभाकर कंदील अजून पडून असेल, त्याने तो भंगारवाल्याला देऊ नये. तो खाली काढावा, काच पुसावी, आणि तो कोणी, कोठे आणि कोणत्या परिस्थितीत घडविला, हे आपल्या मुलांना सांगावे.